सागरी शैवलांवरील प्रदूषक चाचणी

एखादा धातू, तणनाशक, तेल किंवा कारखान्याचे सांडपाणी समुद्राच्या पाण्यात मिसळले, तर तेथील शैवलांची वाढ, प्रकाशसंश्लेषण किंवा प्रजनन किती खुंटते हे ठराविक मात्रा व मुदत ठेवून मोजण्याची पद्धत. ही चाचणी एकपेशीय सूक्ष्म शैवलांवर होते, तशीच खडपांवर वाढणाऱ्या मोठ्या शैवलांवरही होते. तिच्या बऱ्याचशा पद्धती थंड व समशीतोष्ण समुद्रांतील जातींवर बसवलेल्या आहेत. त्या कोकणात जशाच्या तशा का लागू पडत नाहीत, हा या नोंदीचा अर्धा विषय आहे.

भारतात सांडपाण्याचा विषारीपणा तपासताना साक्षीला मासा असतो. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकांनुसार १०० टक्के सांडपाण्यात ९६ तास ठेवलेल्या माशांपैकी ९० टक्के जगले पाहिजेत. ही अट वाईट नाही, पण अपुरी आहे. डायुरॉन किंवा ॲट्राझिनसारखी तणनाशके हरितद्रव्याच्या यंत्रणेतील इलेक्ट्रॉनांची वाट अडवतात. माशाजवळ ती यंत्रणाच नसते, त्यामुळे शैवलाचा अन्नपुरवठा थांबेल एवढ्या मात्रेतही मासा मजेत पोहतो. जहाजांच्या बुडाला शेवाळ आणि काकई चिकटू नये म्हणून लावायच्या रंगांतील सायब्यूट्रीन हे रसायन याच प्रकारचे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १ जानेवारी २०२३ पासून ते जहाजांना लावण्यास बंदी केली. त्याआधी २००८ मध्ये कथिलयुक्त ट्रायब्यूटिल टिनवरची बंदी अमलात आली होती. तांबे मात्र अजून बहुतेक रंगांत आहे, आणि शैवलांच्या चाचण्यांत सर्वाधिक वेळा तपासल्या गेलेल्या धातूंत त्याचा नंबर फार वरचा लागतो.

सूक्ष्म शैवलांसाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची आयएसओ १०२५३ ही पद्धत प्रचलित आहे. तीत स्केलेटोनेमा किंवा फिओडॅक्टिलम ट्रायकॉर्नूटम हे डायाटम, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म शैवल, वापरतात. मुदत ७२ तास, तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास. गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट आणि जीवनसत्त्वे घालून फ्लास्क भरतात, प्रत्येकात मोजक्या पेशी सोडतात आणि चढत्या मात्रेने प्रदूषक घालतात. काही फ्लास्कांत काहीच घालत नाहीत, ते नियंत्रण. डायाटम तळाशी बसतात, म्हणून फ्लास्क हलवत राहावे लागतात. तिसऱ्या दिवशी नियंत्रणाच्या पाण्याला फिक्या चहासारखा रंग येतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्केलेटोनेमाच्या पेशी मण्यांच्या माळेसारख्या दिसतात. जास्त मात्रेच्या फ्लास्कात पाणी नितळ राहते, माळा तुटक दिसतात.

मोजणीत एक फसवी जागा आहे. समजा, सुरुवातीला मिलिलिटरमागे १०,००० पेशी होत्या. ७२ तासांनी नियंत्रणात १,६०,००० झाल्या आणि तांबे घातलेल्या फ्लास्कात ४०,०००. पेशींची संख्या पाहिली तर नुकसान ७५ टक्के वाटते. पण नियंत्रणातील पेशी चार वेळा दुप्पट झाल्या, तांब्यातल्या दोन वेळा. म्हणजे वाढीचा वेग निम्मा झाला. ज्या मात्रेला वाढ नियंत्रणाच्या निम्म्यावर येते तिला ईसी-५० म्हणतात. ती संख्येवरून काढली की वेगावरून, हे अहवालात लिहिलेले नसेल तर आकडा वाचण्यात अर्थ नाही. दुसरी फसगत संवर्धन-द्रवाची. प्रयोगशाळेत नेहमी वापरला जाणारा ‘एफ/२’ द्रव ईडीटीए घालून बनवतात. ईडीटीए धातूंना कवटाळून ठेवते, आणि शैवलाला बाधते ते मुख्यतः सुटे तांबे. ईडीटीए न वगळता तांब्याची चाचणी केली तर तांबे निरुपद्रवी ठरते!

थंड पाण्यातील मोठ्या शैवलांची चाचणी वेगळी असते, कारण तेथे पूर्ण वाढलेल्या झाडापेक्षा त्याचे बीजाणू नाजूक असतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील महाकाय केल्प हे तपकिरी शैवल, मॅक्रोसिस्टिस पायरिफेरा, तिचे ठरलेले उदाहरण. केल्पची जननक्षम पाती धुऊन थोडा वेळ सुकवतात आणि पुन्हा पाण्यात टाकतात, तेव्हा पोहणारे बीजाणू बाहेर पडतात. ते काचपट्टीवर बसतात आणि १५ अंशांवर ४८ तासांत त्यांना कोंब फुटतो. किती बीजाणू रुजले आणि कोंबाची लांबी किती, या दोन मोजमापांवर निकाल अवलंबून. उत्तर युरोपात फ्यूकस या तपकिरी शैवलाच्या फलित अंड्यांवर अशाच चाचण्या होतात. अंटार्क्टिक समुद्रातील फिओसिस्टिस अंटार्क्टिकासारखे सूक्ष्म शैवल शून्य अंशाजवळ इतके सावकाश वाढते की ७२ तासांत काही दिसत नाही, मुदत दहा दिवसांपर्यंत न्यावी लागते. भारताच्या हिमसागरी संशोधनाचे मुख्य ठिकाण असलेले राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र मात्र गोव्यात वास्कोला, म्हणजे कोकणपट्टीच्या घामट हवेतच आहे.

फ्लास्कात मिळालेले उत्तर किनाऱ्यावर उलटे दिसू शकते. १९६७ मध्ये ‘टोरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाशी फुटले. तेल विरघळवण्यासाठी फवारलेल्या रसायनांनी शैवल खाणाऱ्या टोपीशंखांचा संहार केला, आणि खाणारे कोणी न उरल्यामुळे खडक हिरव्या शेवाळाने गच्च भरले. अलास्कात १९८९ मध्ये ‘एक्सॉन वाल्डीझ’च्या तेलगळतीनंतर खडक गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतले गेले, तेथे फ्यूकसची हानी तेल तसेच ठेवलेल्या खडकांपेक्षाही जास्त झाली. कोकणातही सांडपाण्याच्या तोंडाशी उल्वा या शैवलाची हिरवीगार चादर दिसते. ती नायट्रोजनाची मेजवानी असते. तिला किनाऱ्याच्या आरोग्याचा दाखला समजणे चूक आहे.

कोकण किनाऱ्यावर केल्प नाही आणि फ्यूकसही नाही. येथील खडपांवर सरगॅसम, पडायना, कॉलर्पा, उल्वा या उष्ण पाण्यातील शैवलांचे राज्य आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर सरगॅसमची दाट वाढ दिसते. हा परिसर १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पावसाळा सरला की ही शैवले जोर धरतात आणि पुढच्या पावसाळ्याच्या तडाख्यात झडून जातात. त्यामुळे चाचणीचे साहित्य बारमाही मिळत नाही. गोळा करायचे तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी गाठावी लागते. त्या दिवसांत दुपारी बाराच्या सुमारास भरती असल्याने खडपे उघडी पडतात ती सकाळी सहा-सातला आणि पुन्हा संध्याकाळी.

येथे समुद्राचे पाणी साधारण २५ ते ३० अंशांच्या घरात असते आणि मे महिन्यात खडपांतली डबकी त्याहून कितीतरी तापतात. सोसण्याच्या वरच्या काठावर उभ्या असलेल्या शैवलाला प्रदूषकाचा थोडा भारही जड जाऊ शकतो. १५ किंवा २० अंशांवर काढलेली सुरक्षित मात्रा येथे सुरक्षितच ठरेल, असे गृहीत धरता येत नाही.

खारटपणाची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. महाड, रोहा आणि लोटे-परशुराम येथील रासायनिक वसाहतींचे सांडपाणी अनुक्रमे सावित्री, कुंडलिका आणि वाशिष्ठीच्या खाड्यांकडे जाते. उन्हाळ्यात या खाड्या खाऱ्या, तर जुलैत जवळजवळ गोड्या होतात. कॅडमियम खाऱ्या पाण्यात क्लोराइडशी बांधला जातो. खारटपणा उतरला की सुटा कॅडमियम वाढतो आणि तेवढ्याच एकूण मात्रेचा डंख तीव्र होतो. उलट खारफुटीचा पालापाचोळा कुजून पाण्यात उतरलेली तपकिरी द्रव्ये तांब्याला बांधून ठेवतात, म्हणून खाडीच्या पाण्यात तांबे फ्लास्कातल्यापेक्षा सौम्य वागते. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात उजेडही कमी पोहोचतो. या सगळ्याची बेरीज-वजाबाकी एका आकड्यात बसवण्याचा मोह टाळलेला बरा. निदान पावसाळी आणि कोरड्या दिवसांच्या चाचण्या वेगळ्या हव्यात.

मग नियंत्रणासाठी निर्दोष पाणी आणायचे कुठून? खाडीच्या तोंडापासून दूर, उघड्या समुद्रातून. होडीच्या बुडालाच तांब्याचा रंग असू शकतो, म्हणून पाणी नाळेकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून, प्रवाहाकडे तोंड करून आणि इंजिन बंद असताना भरतात. त्यासाठी पितळी किंवा लोखंडी बादली चालत नाही. आम्लाने धुतलेला प्लास्टिकचा कॅन त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून मग भरतात आणि सावलीत झाकून किनाऱ्यावर आणतात.