ॲव्हरेज पडलंय? गाडीत काय काय बदललंय ते आधी सांगा

"ॲव्हरेज पडलंय, इंजिन खोलून बघा" असं सांगून आमच्या गॅरेजात बाईक लावून जाणारे ग्राहक बरेच आहेत. आम्ही इंजिन लगेच खोलत नाही. आधी गाडीला नवीन काय बसवलंय ते विचारतो, आणि नेमकं तेच सांगायचं राहून जातं. मग प्लग, व्हॉल्व्ह, इंजेक्टर बघण्यात अर्धा दिवस जातो आणि शेवटी कळतं की पुढचं स्प्रॉकेटच (चेन फिरवणारं दातेरी चाक) बदललेलं आहे.

गिअरिंग, टायर, एअर बॉक्स, सायलेन्सर हे सगळं कंपनीने एकमेकांना धरून ठरवलेलं असतं. १४ दात्यांच्या जागी १३ चं स्प्रॉकेट टाकलं की पिकअप वाढतो हे खरं, पण त्याच वेगाला इंजिन जवळपास ८ टक्के जास्त फिरतं. त्यात स्पीड सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर मीटरही किलोमीटर वाढवून दाखवतो. म्हणजे खरं ॲव्हरेज तुमच्या हिशेबापेक्षाही कमी!

सायलेन्सरचं दुखणं वेगळं. फ्युएल इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) बहुतेक गाड्यांत एक्झॉस्टवर ऑक्सिजन सेन्सर असतो. नवा सायलेन्सर बसवताना सेन्सरच्या आधीचा जोड नीट बसला नाही, तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणखी पेट्रोल सोडत राहतो. जोडाभोवती काजळी दिसली तर पहिला संशय तिथेच घ्या.

रुंद टायर आणि पुढे मोठी काच (विंडशील्ड) हौसेने लावा, पण ८० च्या वेगाला हवेचा विरोध ६० पेक्षा पावणेदोन पटीच्या वर जातो, हे धरून चाला.

आणि ॲव्हरेज काट्यावरून काढू नका. गाडी मेन स्टँडवर उभी करून ठरावीक खुणेपर्यंत पेट्रोल भरा, नेहमीसारखी चालवा, पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरा. झालेले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर. तो आकडा घेऊन या.

तपासणीचे पैसे वेगळे का, असं काही जण विचारतात. चाकं हाताने फिरवून ब्रेक घासतोय का ते बघणं, चेन, हवा, क्लच केबल, जोड यालाही वेळ लागतो, आणि बरेचदा इंजिन खोलण्याचा खर्च इथेच वाचतो. मूळ मापाची स्प्रॉकेट आणि सायलेन्सरची गास्केट आमच्याकडे असतात. काढलेले जुने भाग मात्र भंगारात घालू नका, येताना घेऊन या.