पणजोबा ‘बसऱ्याला’ होते : मेसोपोटेमियातल्या सैनिकाचा माग कसा काढतात

घरात काळवंडलेलं एक पदक, एक नाव आणि ‘ते पहिल्या महायुद्धात बसऱ्याला होते’ एवढं वाक्य. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याचशा चौकशा एवढ्याच भांडवलावर सुरू होतात. बाकीचे येतात ते इतिहासाचे शौकीन. फ्रान्समधले खंदक, गॅलिपोली, रणगाडे हे सगळं वाचून झाल्यावर त्यांच्या लक्षात येतं की परदेशात गेलेल्या भारतीय सैनिकांपैकी सर्वांत जास्त जिथे लढले, त्या मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या आणि तेव्हा तुर्की साम्राज्यात असलेल्या आघाडीबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच ठाऊक नाही. दोघांनाही आम्ही काय शोधून देऊ शकतो, काय देऊ शकत नाही आणि पैसे भरण्याआधी घरच्या घरी काय बघून घ्यावं, हे सांगायला हे पत्रक आहे.

आधी आघाडीची ओळख. ती नसेल तर पुढचा शोध कळणार नाही.

६ नोव्हेंबर १९१४ रोजी भारतातून गेलेलं सैन्य शत-अल-अरब नदीच्या मुखाशी फावला उतरलं. हे सैन्य होतं सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनचं (डिव्हिजन म्हणजे अनेक पलटणींचा मोठा विभाग). इराणमधल्या तेलाची राखण आणि आखातावरचा वचक एवढाच सुरुवातीचा उद्देश होता. नोव्हेंबर संपायच्या आत बसरा हाती आलं, डिसेंबरात कुर्ना. एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई जिंकली. मग सेनापती टाउनशेंड यांच्या हाताखाली डिव्हिजन टायग्रिसच्या काठाने वर सरकत राहिली : जूनमध्ये अमारा, सप्टेंबरअखेर कूत. सोपे विजय मिळत गेले आणि बगदादचा मोह सुटेना. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला तुर्कांनी असा मार दिला की डिव्हिजन माघारी वळली आणि कूतच्या नदीवळणात अडकली.

डिसेंबरपासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. धान्य होतं पण दळायची सोय अपुरी, म्हणून विमानातून जात्याच्या तळ्या खाली टाकल्या गेल्या. शेवटच्या दिवसांत विमानांनी पीठही टाकलं. वेढ्यातल्या फौजेला आकाशातून रसद पोचवण्याचा जगातला हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. घोडे आणि खेचरं कापली गेली, पण बऱ्याच भारतीय शिपायांनी ते मांस कित्येक आठवडे नाकारलं. भारतातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवली गेली तरी मन धजेना. परिणाम म्हणजे स्कर्व्ही, क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणारा रोग. एप्रिलच्या अखेरीस सुमारे २७० टन रसद घेऊन ‘जुलनार’ नावाची बोट वेढा फोडायला निघाली, तीही तुर्कांच्या हाती लागली. सोडवणुकीसाठी खालून आलेल्या फौजेची शेख साद, हन्ना, दुजैला, सन्नय्यात इथल्या लढायांत सुमारे २३,००० माणसं मेली किंवा जखमी झाली. आत होते त्याहून कितीतरी जास्त. अखेर सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली. त्यांत बहुसंख्य भारतीय होते, आणि हजारो तर लढवय्ये नव्हतेच : भिस्ती, डोलीवाले, खेचरवाले, स्वयंपाकी.

पुढे जनरल मॉड यांनी फौज नव्यानं उभी केली, मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथेच कॉलऱ्यानं ते गेले. सेनापती कॉलऱ्यानं मरत होता, मग शिपायांची काय कथा! शेवटची मोठी लढाई ऑक्टोबर १९१८ ची, शरकतची. तिच्यात ११४ व्या मराठा पलटणीनं नाव कमावलं.

आता मुख्य गोष्ट. ग्राहक येतात ते बहुधा कूतचं नाव घेऊन. कूत थरारक आहे, तिथे गेलेल्या प्रत्येक माणसाबद्दल आम्हालाही आदर आहे. पण तुमचे पणजोबा कूतमध्ये असतीलच असं नाही. मेसोपोटेमियात लाखो भारतीय गेले, कूतमध्ये काही हजार होते. बहुतेकांचं युद्ध म्हणजे उन्हाळ्यात पन्नास अंशांच्या आसपास जाणारं ऊन, हिवाळ्यात चिखल आणि पूर, आमांश, हिवताप, कॉलरा आणि बसऱ्यापासून पुढे बोटींवर, गाढवांवर, पुढेपुढे रेल्वेनं माल चढवत राहणं. ही कहाणी कमी प्रतीची नव्हे. उलट या आघाडीचा निकाल बंदुकीइतकाच बोटींवर लागला. १९१५ मध्ये नदीवर बोटीच पुरेशा नव्हत्या. टेसिफॉनचे जखमी स्प्रिंग नसलेल्या बैलगाडीवजा गाड्यांतून आणि खच्चून भरलेल्या बोटींतून कसे आणले गेले, याचा बोभाटा झाला, लंडनमध्ये चौकशी आयोग बसला आणि १९१७ मध्ये भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

मग ही आघाडी विसरली का गेली?

एक कारण कागदांचं. फ्रान्समधून भारतीय शिपायांनी घरी लिहिलेली पत्रं सेन्सॉर वाचायचा आणि त्यांतले उतारे भाषांतर करून वर पाठवायचा. ते उतारे टिकले आणि आज त्या शिपायांचा आवाज आपल्याला ऐकू येतो. मेसोपोटेमियाचा असा संग्रह अभ्यासकांच्या हाती नाही. दुसरं कारण कारभाराचं. सुरुवातीला ही मोहीम सिमल्याहून भारत सरकार चालवत होतं, फेब्रुवारी १९१६ मध्ये ती लंडनच्या युद्ध कार्यालयाकडे गेली. म्हणून कागद दोन देशांत विभागले गेले आहेत. तिसरं कारण आपलं आपण जाणतो : साम्राज्यासाठी लढलेल्या माणसाचं काय करायचं, हे स्वातंत्र्यानंतर कुणालाच नीट ठरवता आलं नाही.

पलटण आधी, माणूस नंतर

आमच्या कामाची सगळी किल्ली यात आहे. साध्या शिपायाचा व्यक्तिगत कागद सापडणं दुर्मिळ. त्याच्या पलटणीचे कागद मात्र बरेच आहेत. तेव्हा नावामागे धावण्याआधी आम्ही पलटण पक्की करतो.

पुणे डिव्हिजनमध्ये तीन मराठा पलटणी होत्या : १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री, ११० वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा. तिन्ही कूतमध्ये अडकल्या आणि मागे भारतात नव्यानं उभ्या कराव्या लागल्या. १०५, ११४ आणि ११६ या पलटणी या आघाडीवर नंतर आल्या. पण मराठी माणूस मराठा पलटणीतच असेल हे गृहीत धरू नका. मुंबई इलाख्यातल्या इतर पलटणी, सॅपर्स (पूल, रस्ते, खंदक बांधणारे सैनिक), खेचरांचे तांडे, मजूर पथकं, नदीवरच्या बोटी, रेल्वे, इस्पितळं, सगळीकडे आपली माणसं होती. तुरुंगातून शिक्षेत सूट देऊन नेलेल्या मजुरांची पथकंसुद्धा होती. घरात याबद्दल कुजबुज असेल तर आम्हाला मोकळेपणानं सांगा, शोध सोपा होतो.

घोटाळा होतो तो आकड्यांचा. १९०३ मध्ये मुंबईच्या पलटणींच्या क्रमांकात शंभर मिळवले गेले. म्हणजे आधीची तिसरी झाली १०३ वी, पाचवी झाली १०५ वी. १९२२ मध्ये पुन्हा फेरबदल झाला आणि सहाही मराठा पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन बनल्या : १०३ वी झाली पहिली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी आणि ११४ वी बेळगावची प्रशिक्षण बटालियन. म्हणून ‘काळी पाचवी’त होते असं घरात सांगत आले असतील तर ती ‘पाचवी’ म्हणजे १०५ वी, म्हणजेच १९२२ नंतरची दुसरी बटालियन. पेन्शनच्या कागदावर एक आकडा आणि पदकावर दुसरा दिसला, म्हणून पदक दुसऱ्या कुणाचं आहे असं समजू नका.

पदक कसं वाचायचं

पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर आणि ताऱ्याच्या पाठीवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंग घ्या, तिरपा उजेड पाडा आणि कडेचे चारपाच फोटो काढा. नंबर एकटा उपयोगाचा नाही, कारण प्रत्येक पलटणीची नंबरांची वही वेगळी होती. नंबर आणि पलटण मिळून माणूस ठरतो.

चार टोकांच्या काशाच्या ताऱ्यावर १९१४-१५ असेल, तर तो माणूस १९१५ संपायच्या आत कुठल्या तरी रणभूमीवर पोचला होता. तारा आहे आणि कडेवर १०३, ११० किंवा ११७ आहे, तर पुणे डिव्हिजनबरोबर गेल्याची दाट शक्यता. तरीही कूत सिद्ध होत नाही. कित्येक जण जखमी किंवा आजारी होऊन वेढ्याआधीच परतले होते. तारा नाही, फक्त चांदीचं युद्धपदक आणि इंद्रधनुषी फितीचं विजयपदक आहे, तर बहुधा १९१६ किंवा त्यानंतर गेले. तेच युद्धपदक चांदीऐवजी काशाचं असेल तर ते मजूर किंवा सेवक पथकातले असावेत. मांडणीत ठेवायला लोक या काशाच्या पदकाला कमी लेखतात. आमच्या मते त्यांतलं प्रत्येक पदक जपून ठेवावं, कारण त्या माणसांबद्दल लिहिलेलं सर्वांत कमी आहे.

घरात तळहाताएवढी जाड काशाची गोल तबकडी असेल आणि तिच्यावर हुद्दा नसून नुसतं नाव असेल, तर ती युद्धात मरण पावलेल्याच्या कुटुंबाला दिलेली आहे. घरचे ‘परत आले होते’ म्हणत असतील तर ती दुसऱ्या भावाची किंवा चुलत्याची असू शकते. एका घरातून दोघे गेल्याचं असंच उघडकीला येतं.

आणि कृपा करून पदक चिंचेनं, राखेनं, पॉलिशनं घासू नका. कडेवरची अक्षरं उथळ असतात, घासल्यावर ती परत येत नाहीत.

कुठे काय सापडतं

मृत्यू झाला असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी पहिल्या. त्यांच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे. त्यासाठी आम्हाला पैसे देऊ नका. बसरा स्मारकावर या आघाडीवर मेलेल्या ४०,००० हून अधिक जणांची नोंद आहे. दगडावर मात्र भारतीय शिपायांची नावं कोरलेली नाहीत. अधिकाऱ्यांची नावं आणि शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा. नावं पुस्तकी नोंदवहीत गेली. या भेदभावाची कबुली आयोगाच्या विशेष समितीनं २०२१ च्या अहवालात दिली. स्मारक बघायला जायची इच्छा पुष्कळांची असते, पण १९९७ मध्ये ते मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं गेलं. तिथली परिस्थिती तपासल्याशिवाय तिकीट काढू नका.

दिल्लीच्या इंडिया गेटवर नाव का नाही, हेही पुष्कळ जण विचारतात. तिथे कोरलेली नावं मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि तिसऱ्या अफगाण युद्धात मेलेल्यांची आहेत.

नोंदीत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा कधीकधी सापडतो. मात्र शिंदे, जाधव, पवार ही आडनावं इंग्रजीत लिहिणाऱ्या कारकुनानं चारचार तऱ्हांनी लिहिली आहेत. जिल्हेही तेव्हाचे धरायचे. आजचा सिंधुदुर्ग मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यात आणि सावंतवाडी संस्थानात, रायगड म्हणजे कुलाबा, आणि तासगाव, खानापूर, वाळवा हे तालुके साताऱ्यात. सांगलीचा माणूस सांगलीत शोधत बसलात तर हाती काही लागत नाही.

पलटण ठरली की लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या युद्धडायऱ्या. त्यांत रोजचा मुक्काम, चकमक, मेलेले आणि जखमी यांचे आकडे मिळतात. शिपायाचं नाव क्वचित, सुभेदार-जमादारांचं त्याहून बरं. पणजोबा कुठल्या महिन्यात कुठे असतील हे त्यावरून मांडता येतं. आमच्या अहवालात जे कागदानं सिद्ध झालं ते काळ्या शाईत आणि जो अंदाज आहे तो निळ्या शाईत छापतो. निळं जास्त दिसलं तर रागावू नका.

कैदेचा भाग सर्वांत अवघड. कूतहून नेलेल्या शिपायांना वाळवंटातून पायी चालवलं, बऱ्याच जणांना रास-अल-ऐनजवळ बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले. वाटेत पडलेल्यांची तारीख, जागा काहीच नोंदलेलं नसतं. तिथे आम्ही तारीख बनवून देत नाही, कुणी देत असेल तर पुरावा मागा.

आणि गावातलं विसरू नका. अनेक गावांत चावडीवर, देवळाच्या भिंतीत किंवा शाळेत ‘या गावातून इतके गेले, इतके मेले’ अशी संगमरवरी पाटी आहे, कधी चुन्याखाली झाकलेली. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर लोक ‘अपशिंगे मिलिटरी’च म्हणतात. पेन्शनचं पुस्तक, डिस्चार्जचा कागद, जंगी इनामाची (युद्धातल्या सेवेबद्दल मिळालेल्या इनामाची) सनद, जमिनीचा जुना फेरफार, यांतला एक जरी कागद मिळाला तरी महिन्याचं काम आठवड्यात होतं.

कामाची पद्धत

पहिली तपासणी आम्ही फोटोंवरून करतो आणि तिचं शुल्क घेत नाही. शोधाला अर्थ नाही असं वाटलं तर तिथेच सांगतो. पुढे गेलो तर शुल्क दोन टप्प्यांत : पलटण आणि काळ ठरवण्यापर्यंत एक, परदेशातल्या अभिलेखागारातून प्रती मागवण्यासाठी दुसरा. दुसरा टप्पा तुम्ही लेखी होकार दिल्याशिवाय सुरू होत नाही. केवळ आघाडीचा अभ्यास करणाऱ्यांना एखाद्या पलटणीची किंवा लढाईची कागदपत्रं लावून हवी असतील तर तेही करतो. पदकांची खरेदी-विक्री करत नाही आणि किंमतही सांगत नाही. विकायच्या विचारात असाल तर एकच सांगणं : एका माणसाची पदकं एकत्र ठेवा, तारा एकाला आणि गोल पदक दुसऱ्याला गेलं की तो माणूस पुन्हा जुळत नाही.

चौकशीबरोबर पदकांच्या दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, घरातल्या कागदांचे फोटो, गावाचं जुनं आणि नवं नाव, आणि घरातलं सर्वांत वयस्क माणूस जे सांगतं ते त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवा. मूळ पदक किंवा कागद पोस्टानं पाठवू नका.