मत्स्यटाकीचा एलईडी दिवा : रंगांची निवड

घरातल्या मत्स्यटाकीवर लावायच्या दिव्यात कोणत्या रंगांचे एलईडी असावेत आणि कोणत्या प्रमाणात, हा या नोंदीचा विषय. मुंबईत या टाकीला सर्रास ‘फिश टँक’ म्हणतात, तिच्या झाकणाला ‘टॉप’ किंवा ‘हूड’. हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलेल्या दोन फुटी टाकीसाठी दिवा घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानदार पांढरी, निळी, गुलाबी आणि रिमोटवर रंग बदलणारी अशा पट्ट्या दाखवतो. पाहणाऱ्याचा डोळा, टाकीतल्या वनस्पती आणि स्वतः मासे या सगळ्यांचा प्रकाशाशी हिशेब वेगवेगळा असतो, हे मात्र तिथे सहसा कोणी सांगत नाही.

पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. साधारण ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा लेप देतात. काही निळा प्रकाश लेपातून तसाच बाहेर येतो, काहीचा पिवळा होतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरे दिसतात. हा निळा डायोड, म्हणजे प्रकाश देणारा हा तुकडा, साधायला फार वर्षं लागली. त्याच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मात्र या जोडकामामुळे स्वस्त पांढऱ्या पट्टीत निळ्याचं टोक उंच असतं, ४८० नॅनोमीटरच्या आसपास, निळसर-हिरव्यात, खड्डा असतो आणि गडद लाल जवळजवळ नसतोच. अशा उजेडात गोल्डफिश फिक्कट दिसतो तो त्यामुळे. सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक, ९० किंवा त्याहून अधिक असलेली पट्टी घेतली तर ही उणीव बरीच भरून निघते.

रंगतापमान केल्विनमध्ये सांगतात. २,७०० ते ३,००० केल्विन पिवळट, ६,५०० दिवसाच्या उजेडासारखा, १०,००० च्या पुढे निळसर. गोड्या पाण्याच्या टाकीला ६,५०० च्या आगेमागे चांगलं, असं सगळेच सांगतात आणि ते बरोबर आहे, पण मुंबईच्या घरात त्याला आणखी एक कारण आहे. बहुतेक हॉलमध्ये पांढरीशुभ्र ट्यूबलाइट असते. तिच्याशेजारी ३,००० केल्विनची टाकी ठेवली की पाणी गढूळ झाल्यासारखं वाटतं आणि माणूस विनाकारण पाणी बदलत बसतो. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात दालन अंधारं आणि काच उजळ असायची, त्यामुळे तसला उजेड पाहून घरचा दिवा ठरवू नये.

लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडवर मिळणारी रिमोटची आरजीबी पट्टी हा सगळ्यात मोहात पाडणारा पर्याय. लाल, हिरवा आणि निळा एकत्र लावले की पांढरा होतो हे खरं, पण तो नावापुरता पांढरा. या तीन अरुंद पट्ट्यांच्या मधले पिवळे आणि नारिंगी प्रकाशकिरण त्यात नसतातच, म्हणून तपकिरी, सोनेरी, मातकट रंगांचे मासे ओळखू येत नाहीत. शोभेपुरती ती मागच्या काचेला लावावी. टाकीच्या दिव्यात चांगला पांढरा हा भात आहे आणि लाल-निळे डायोड हे तोंडी लावणं.

वनस्पतींचं गणित वेगळं. हरितद्रव्य ‘अ’ मुख्यतः ४३० आणि ६६० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, म्हणून फक्त निळे-लाल डायोड असलेले जांभळे ‘ग्रो लाइट’ निघाले. त्यांवर वनस्पती वाढतात, पण टाकी पाहवत नाही. शिवाय हिरवा प्रकाश पानं परतवून लावतात हे अर्धसत्य आहे. त्यातला बराचसा तीही वापरतात. म्हणून पांढऱ्याच्या जोडीला थोडे ६६० चे गडद लाल डायोड असले की पुरतं. खोक्यावरचे लुमेन पाहून दोन रंगांची तुलना करू नये. लुमेन माणसाच्या डोळ्यावर बेतलेलं माप आहे आणि डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला सर्वाधिक दाद देतो. निळ्या पट्टीचे लुमेन कमी भरतात, तेवढ्यावरून ती वनस्पतींना कमजोर ठरत नाही. रोटाला, लुडविजिया यांसारख्या वनस्पतींना लाली चढते ती मुख्यतः प्रकाशाच्या जोरामुळे आणि खतपाण्यामुळे. लाल डायोड ती लाली फक्त उठून दाखवतो.

‘पाणी लाल रंग गिळतं, म्हणून टाकीला लाल जास्त द्या’ हा सल्लाही नेहमी कानावर येतो. समुद्रात ते खरं आहे: ६६० नॅनोमीटरच्या प्रकाशाचा पाच मीटर खोलीवर जेमतेम सातवा-आठवा भाग उरतो. दीड फूट स्वच्छ पाण्यात मात्र घट फक्त सहाव्या भागाइतकी. उलट निळ्याची खरी अडवणूक घरी दुसऱ्याच गोष्टीने होते. बेट्टा, म्हणजे फायटर मासा, पाळणारे रस्त्याकडेच्या देशी बदामाची वाळकी पानं टाकीत सोडतात. पाण्याला चहाचा रंग येतो आणि हा रंग निळा प्रकाशच शोषतो. अशा टाकीत निळे डायोड वाढवण्यात पैसे वाया जातात.

मासे विकत घेतानाचा घोळ याहून मोठा. कुर्ल्याच्या मासेबाजारात किंवा क्रॉफर्ड मार्केटला गुलाबी दिव्याखाली लालबुंद दिसलेला फ्लॉवरहॉर्न घरी आणल्यावर विटकरी निघतो. फसवणूक म्हणावी तर तसं नाही. साडीच्या दुकानातही उजेड तसाच असतो आणि आपण साडी दाराशी नेऊन पाहतो. इथेही तो दिवा क्षणभर बंद करायला सांगावं आणि साध्या उजेडात मासा पाहावा. निऑन टेट्राचा निळा पट्टा मात्र रंगद्रव्याचा नसून त्वचेतल्या सूक्ष्म स्फटिकांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा आहे, त्यामुळे तो थंड पांढऱ्या उजेडात खुलतो. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातला डेनिसन बार्ब (त्याच्या प्रजातीगटाला २०१३ साली ‘सह्याद्रिया’ हे नाव मिळालं) याची लाल रेघ पाहायची असेल तर दिव्यात लाल हवाच. माशांचं पाहणं आपल्यासारखं नसतं. भारतीय उपखंडातल्याच झेब्रा माशाच्या डोळ्यात चार प्रकारचे शंकूपेशी असतात आणि त्यातला एक अतिनील किरण टिपतो.

खाऱ्या पाण्याच्या टाक्यांवर दिसणारा गडद निळा उजेड प्रवाळांसाठी असतो. प्रवाळांच्या शरीरात राहणारी शैवालं निळा प्रकाश चांगला वापरतात आणि प्रवाळांतली काही प्रथिनं निळ्यात चमकतात. भारतात कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, तेव्हा ते घरात ठेवण्याचा विषय नाही. गंमत अशी की मुंबईच्या स्वतःच्या प्रवाळांच्या वाट्याला ही निळाई येतच नाही. किनारी रस्त्यासाठी २०२० साली हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरून जी प्रवाळं हलवली, ती मातकट, हिरवट पाण्यात वाढलेली होती.

शेवाळ आलं की लोक रंगाला दोष देतात. बहुतेक वेळा दोष तासांचा असतो. रोज ६ ते ८ तास आणि टायमर, हे कुठल्याही रंगबदलापेक्षा जास्त उपयोगी. खिडकीतून ऊन येत असेल तर आणखी कमी. ‘मूनलाइट’ म्हणून निळी पट्टी रात्रभर चालू ठेवण्याची पद्धत सोडावी, माशांना पूर्ण अंधार लागतो.

समुद्राच्या हवेत पट्टी रंगामुळे नव्हे, गंजामुळे जाते. जोड आधी हिरवे पडतात, मग एकेक रंग विझत जातो, आणि पावसाळ्यानंतर दिवा गुलाबी किंवा पिवळा दिसू लागला तर टाकी बिघडली असं समजू नये, पट्टीतला अनुक्रमे हिरवा किंवा निळा गेलेला असतो. म्हणून १२ व्होल्टची, आयपी ६७ दर्जाची, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारी, पट्टी घ्यावी, पाणी आणि दिवा यांच्यामध्ये काचेचं झाकण ठेवावं, ॲडॉप्टर टाकीच्या खाली न ठेवता बाजूला उंचावर टांगावा आणि वायर प्लगाकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे ओघळलेला थेंब झोळावरूनच गळून पडतो.