नई तालीम: पगाराच्या वादात हरवलेला समवाय

बुद्धी, भावना, शरीर आणि आत्मा एकत्र घेणारे शिक्षण म्हटले की हल्ली २०२२च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातल्या पंचकोशांची, म्हणजे माणसाच्या अन्नमय ते आनंदमय अशा पाच स्तरांची, चर्चा होते. कल्पना तैत्तिरीय उपनिषदातली. पण आपल्या साध्या शाळांत हे करून पाहिले ते नई तालीमने, म्हणजे हस्तोद्योगातून शिकवण्याच्या गांधीजींच्या योजनेने.

ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याच्या परिषदेत चार ठराव झाले. सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषा हे माध्यम, हस्तोद्योग हा केंद्रबिंदू. चौथा ठराव असा, की या पद्धतीतून शिक्षकांचा पगार हळूहळू निघू लागेल. या चौथ्यानेच घात केला, असे मला वाटते. शाळांचे कारखाने होतील, मुलांचा माल कारागिरांच्या पोटावर पाय देईल, अशा शंका लगेच आल्या. पुढे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीने रोजच्या साडेपाच तासांतले ३ तास २० मिनिटे उद्योगाला दिले, तेव्हा त्या शंकांना बळच मिळाले.

खरे तर त्या वेळात मूल नुसते सूत काढणार नव्हते. चार फुटांची एक तार, ६४० तारांची एक गुंडी; टकळीवरचे सूत मोजता मोजता गुणाकार व्हायचा, कापसावरून माती आणि पाऊस यायचा. पीळ कमी पडला की धागा तुटतो, हे आधी बोटांना कळते, मग वहीत उतरते. उद्योगाशी विषय असे जोडण्याला समवाय म्हणत. धर्मशिक्षण योजनेतून मुद्दाम वगळले होते; आत्मिक बाजू प्रार्थना, सफाई, एकत्र कताई यांतून यावी, अशी सेवाग्रामची धारणा होती.

पण शिक्षकाला समवाय साधणे अवघड, गुंड्या मोजणे सोपे. उत्पन्नाचा हिशेब पुढे आला आणि समवाय मागे पडला.

१९६४-६६च्या शिक्षण आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द दिला, १९७७मध्ये ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ आले. पगाराचा मुद्दा मिटला, पण त्याबरोबर उद्योग हे माध्यमही राहिले नाही; वेळापत्रकात तो इतर विषयांसारखा एक विषय झाला. २०२०च्या धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना १० दिवस आहेत. गावोगावच्या काही जुन्या शाळांच्या पाट्यांवर मात्र ‘जीवन शिक्षण’ हे नई तालीमची आठवण देणारे शब्द अजून आहेत.