गाईच्या गळ्यात सेन्सरचा पट्टा घालायचाय? कर्जाची फाईल अशी लावा

आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या, पशुपालनाचं किसान क्रेडिट कार्ड हे वैरण, पेंड, औषधपाणी, मजुरी, लाईटबिल असल्या चालू खर्चासाठी असतंय, सेन्सरचा पट्टा त्यातनं घ्यायचा नसतो, कारण पट्टा म्हणजे वस्तू झाली आणि तिला मुदत कर्ज लागतंय. मी दोन्ही एकाच अर्जात लिहून दिलं होतं, फाईल परत आली आणि चार हेलपाटे पडले, म्हणून सविस्तर लिहितोय.

पट्टा करतो काय, तर गाय किती वेळ रवंथ करते, किती खाते, किती हालचाल करते ते मोजून मोबाईलवर दाखवतो. चांगली दुभती गाय दिवसाला साधारण 7 ते 8 तास रवंथ करते, पेंड एकदम वाढवली आणि सुकी वैरण कमी पडली की पोटात आम्ल वाढतं, मग बऱ्याचदा रवंथ आधी कमी येतं आणि दूध नंतर तुटतं, म्हणजे हातात थोडा वेळ मिळतो. आपल्याकडं अजून सगळ्या गाईंना सारखीच पाटीभर पेंड. खरा हिशोब असा की शरीराला एक-दीड किलो आणि वर दर अडीच लिटर दुधाला 1 किलो, म्हणजे 8 लिटरच्या आणि 18 लिटरच्या गाईला सारखं घालणं म्हणजे एकीवर पेंड वाया आणि दुसरी उपाशी. त्यात गळीत हंगामात कोल्हापूरभर वाडं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे फुकटात मिळतात म्हणून तेच घालतो आपण, पण वाड्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, प्रोटीनही कमी, आणि हे पट्टा सांगत नाही, खनिज मिश्रण द्यावंच लागतं.

आता पात्रता. शेतकरी, नुसते दूधवाले, बचत गट, जेएलजी (एकमेकांच्या कर्जाची जबाबदारी घेणारा गट), सगळे चालतात, गोठा स्वतःचा किंवा भाड्याचा असला तरी चालतो. पीककर्जाचं कार्ड आधीच असेल तर नवीन काढत बसू नका, त्यातच दुधाच्या जनावरांसाठी मर्यादा वाढवून मागा. व्याजाची सवलत एकूण 3 लाखांपर्यंत, त्यात पशुपालनासाठी 2 लाखांपर्यंत, दर 7 टक्के आणि वेळेत फेडलं तर 4 टक्के पडतो. 1 जानेवारी 2025 पासून शेती आणि जोडधंद्याचं 2 लाखांपर्यंतचं कर्ज विनातारण आहे, हे शाखेत ठामपणे सांगा. पट्ट्याच्या मुदत कर्जाला मात्र ही कार्डाची व्याज सवलत नाही, तिथला दर बँकेला लेखी विचारून घ्या.

कागद तसे नेहमीचेच: आधार, पॅन, फोटो, पासबुक, 7/12 आणि 8अ, जमीन नसेल तर गोठ्याचा घरपट्टी उतारा किंवा भाडेकरार, सेवा सोसायटीचा बाकी नसल्याचा दाखला. पण वजन पडतं ते दूध संस्थेच्या कागदाला. सचिवांकडनं सभासद असल्याचा दाखला आणि मागच्या वर्षभराच्या दहा-दहा दिवसांच्या बिलांचा उतारा घ्या, जमलं तर बिलातनं हप्ता कपात करायचं हमीपत्र पण, कारण त्यावरनंच तुमची फेडायची ताकद दिसते.

मुदत कर्जासाठी वेगळा अर्ज आणि जीएसटी नंबर असलेलं कोटेशन. कोटेशनमध्ये पट्टे किती, गोठ्यात लावायचं रिसीव्हर यंत्र, बसवायची मजुरी, वॉरंटी आणि ॲपची वर्षाची फी हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या, फी विचारायची राहिली तर दुसऱ्या वर्षी खिशातनं जाते.

आणि सगळ्याच्या आधी कानातला बिल्ला बघा. 12 आकडी नंबर पशुवैद्यकीय दवाखान्यातनं भारत पशुधन या जनावरांच्या सरकारी ऑनलाईन नोंदणीवर तुमच्याच नावावर चढलाय का ते डॉक्टरांकडनं तपासून घ्या, गाय विकत आणली असेल तर बऱ्याचदा जुन्या मालकाचंच नाव असतं. पट्टा बसवताना ॲपमध्ये गाईचं नाव टाकण्यापेक्षा हाच नंबर टाका. विम्याला पण हाच लागतो, राष्ट्रीय पशुधन अभियानात शेतकऱ्याचा हप्त्यातला वाटा 15 टक्के आहे, तेव्हा दवाखान्यात गेलाच तर त्याचा फॉर्म पण त्याच दिवशी विचारून या.