गोवरापासून बालसंरक्षण, कोल्हापूर

गोवर हा विषाणूमुळे होणारा, मुख्यतः लहान मुलांचा, अतिशय सांसर्गिक ज्वर. पुरळ दिसण्याच्या सुमारे चार दिवस आधीपासून ते चार दिवस नंतरपर्यंत रोगी संसर्ग पसरवतो आणि त्याने सोडलेल्या खोलीच्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत टिकू शकतो. म्हणूनच ‘गोवर निघाल्यावर पोराला वेगळं ठेवलं’ हा उपाय बहुधा उशिराचा ठरतो. कोल्हापूर शहर व जिल्ह्यात या रोगापासून मुलांचा बचाव आज लसीवर अवलंबून असला, तरी त्याभोवतीचे आचार जुने आहेत.

रोगाच्या प्राचीनत्वाबद्दल मतभेद आहेत. आयुर्वेदाच्या चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील श्वयथु-अध्यायात (सूज या विषयावरील) ‘रोमान्तिका’ आढळते : सर्वांगावर बारीक पुटकुळ्या, ज्वर, दाह, तहान, खाज. हा अध्याय नंतरच्या काळात संहिता पूर्ण करणाऱ्या दृढबलाने लिहिलेल्या भागात धरायचा की नाही, यावर अध्यायक्रमाच्या दोन परंपरांनुसार उत्तर बदलते व त्याबरोबर उल्लेखाचा काळही काही शतकांनी सरकतो. या वर्णनात खोकला नाही. माधवाच्या रोगनिदानावरील ‘माधवनिदान’ या ग्रंथात (इ. स. सु. सातवे-आठवे शतक) मात्र आधी ज्वर, सोबत खोकला व अरुची आणि रोमरंध्रांशी उठणारे लालसर पुरळ असा क्रम येतो. रोमान्तिका म्हणजे गोवर म्हणायचाच, तर तो माधवाच्या वर्णनावरून म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते. गोवराचा विषाणू गुरांच्या बुळकांडीच्या विषाणूपासून अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमारास वेगळा झाला, या अनुमानामुळे दोन्ही ग्रंथांतील रोमान्तिका म्हणजे गोवर हा दावा लंगडा पडत असे. बर्लिनमध्ये जतन केलेल्या 1912 च्या फुप्फुसाच्या नमुन्यावर आधारित 2020 च्या अभ्यासाने ही फारकत इ. स. पू. सहाव्या शतकापर्यंत मागे जाऊ शकते असे दाखवले. त्यामुळे काळाची अडचण उरली नाही; ओळख पटली असे मात्र त्यावरून होत नाही. इराणी वैद्य अल्-राझी याने दहाव्या शतकाच्या आरंभी देवी व गोवर यांतील भेद स्वतंत्र ग्रंथात मांडला.

लोकव्यवहारात गोवर ‘निघतो’, ‘फुटतो’ आणि न फुटल्यास ‘आत जिरतो’. या जिरण्याची धास्ती मोठी. चौकटीला कडुनिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, मुलाला आंघोळ नाही, असे पथ्य पाळले जाई. कडुनिंबाच्या पाल्याने अपाय नाही, पण पुरळ पुरते बाहेर पडेपर्यंत दवाखाना टाळण्यात गोवरातून उद्भवणाऱ्या न्यूमोनियाचे पहिले दिवस वाया जातात. आषाढात मंगळवारी-शुक्रवारी पंचगंगेचे नवे पाणी वाजतगाजत नेऊन टेंबलाई देवीच्या टेकडीवरील देवळाच्या पायऱ्यांवर वाहण्याची प्रथा रोगराई टळावी म्हणून असल्याचे सांगतात. तिचा संबंध गोवराशी जोडणे ओढाताणीचे वाटते. गोवराचा जोर हिवाळा सरताना व उन्हाळ्याच्या तोंडी असतो, नव्या पाण्याचे आजार निराळे.

गोवराची लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात 1985 पासून आहे. दुसरी मात्रा 2010 पासून टप्प्याटप्प्याने आली. 27 नोव्हेंबर 2018 रोजी महाराष्ट्रात नऊ महिने ते 15 वर्षे वयोगटासाठी गोवर-रुबेला (रुबेला म्हणजे ‘जर्मन गोवर’) लसीची मोहीम सुरू झाली. आता पहिली मात्रा 9 ते 12 महिन्यांत, दुसरी 16 ते 24 महिन्यांत, उजव्या दंडाच्या वरच्या भागात त्वचेखाली 0.5 मिलि. देतात. खासगी बालरोगतज्ज्ञ गोवर, गालगुंड व रुबेला यांची एकत्र ‘एमएमआर’ लस टोचतात. लसीकरण कार्डावर लसीचे नाव वेगळे दिसले म्हणून गोवराची मात्रा चुकली असे होत नाही. नऊ महिन्यांची अट आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे (रोगजंतूंशी लढणाऱ्या रक्तातील प्रथिनांमुळे) : ती शरीरात असेतो लसीतील जिवंत, क्षीण विषाणूचा निकाल तीच लावतात. या वयातील एका मात्रेने सुमारे 85 टक्के मुलांनाच संरक्षण मिळते, तर साथ रोखण्यास सुमारे 95 टक्के मुले संरक्षित लागतात. दुसरी मात्रा या फरकासाठी, म्हणजे पहिलीने संरक्षण न मिळालेल्या मुलांसाठी आहे, म्हणून तिला ‘बूस्टर’ म्हणण्याची पद्धत फसवी आहे.

लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते. अंगणवाडीतील सत्रात आरोग्यसेविका थंड पाण्याच्या कुपीतून द्रव ओढून ती विरघळवते, लेबलावर पेनाने वेळ लिहिते. तेथून चार तासच ती वापरता येते. लसीत परिरक्षक नसल्याने नंतर कुपीत जंतू वाढून मुलाच्या जिवावर बेतू शकते. उरलेल्या मात्रा फेकाव्याच लागतात. एका मुलासाठी कुपी फोडायची की नाही, हा प्रश्न मग सेविकेपुढे येतो. फोडावी, असाच शासकीय दंडक आहे.

जिल्ह्यात मुले सुटण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. दिवाळीनंतर मराठवाड्यातून येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांच्या खोपी गाळप संपताच उठतात. नववा महिना करवीर-शिरोळच्या फडात भरतो, सोळावा गावी, आणि कार्ड बहुधा तिसरीकडे. गाळपाचा काळ व गोवराचा हंगाम एकच असल्याने हे अधिक बोचते. शाहूवाडी, राधानगरी, भुदरगडचे धनगरवाडे, वीटभट्ट्या आणि इचलकरंजीतील यंत्रमाग कामगारांच्या वसाहती यांचीही गत साधारण हीच.

गोवरावर विशिष्ट औषध नाही. सलग दोन दिवस वयानुसार ‘अ’ जीवनसत्त्व (एक वर्षावरील मुलास दरवेळी दोन लाख एकक) दिल्याने अंधत्व व मृत्यूचा धोका घटतो. धाप लागलेल्या वा झापड आलेल्या मुलास रुग्णालयात दाखल करावे लागते. कोल्हापुरात अशी मुले बहुधा छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, लोकांच्या तोंडी ‘सीपीआर’ला, आणली जातात.