मॉरिशसचा व्हिला आणि उसाचं रान

सोलापुरात सध्या मॉरिशसचं वारं आलंय. आधी नवीन लग्न झालेली पोरं हनिमूनला जायची तेवढंच होतं, आता ओळखीतले टॉवेलवाले, डॉक्टर असे दोन-तीन जण 'तिकडं एखादा फ्लॅट घेऊन टाकू का' म्हणायला लागलेत, कुणीतरी ग्रुपवर ब्रोशरची पीडीएफ टाकतं, निळं पाणी, पांढरी वाळू, गोल्फचं मैदान आणि खाली डॉलरमधे आकडा. म्हणून म्हटलं हे सगळं आलं कुठून ते एकदा लिहून काढावं. ब्रोशरमधे दिसतो समुद्र, पण गोष्ट खरी उसाची आहे, आणि उसाचं सोलापूरकराला कुणी शिकवायला नको.

बेट तसं लहान, 2,040 चौरस किलोमीटर, आपल्या जिल्ह्यात असली सात बसतील. डच लोक 1598 ला आले, आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव दिलं, डोडो पक्षी त्यांच्याच काळात संपला, आणि 1639 ला जावा बेटावरून ऊस आणला तोही त्यांनीच. मग 1715 पासून फ्रेंच, 1810 पासून इंग्रज. इंग्रजांनी बेट घेतलं पण जमिनी फ्रेंच मळेवाल्यांकडंच राहिल्या, म्हणून आजही गावांची नावं फ्रेंच आणि मोठ्या रानाचे मालक बरेचसे त्याच घराण्यांतले. एकोणिसाव्या शतकात तर 1858 च्या सुमारास तिथं 259 साखर कारखाने होते! छोटे असणार, पण तरी. आज तीन उरलेत.

गुलामी बंद झाली 1835 ला, त्याच्या आधीच 1834 पासून करारावर मजूर आणायला सुरुवात झालेली, पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखाच्या आसपास माणसं तिकडं गेली. बहुतेक बिहारकडची, पण मुंबई बंदरातून आपलीही गेली, रत्नागिरी-सातारा पट्ट्यातली. त्यांची नातवंडं-पणतवंडं अजून गणपती बसवतात, गणेश चतुर्थीला तिथं देशभर सरकारी सुट्टी असते, आणि कोकणातली जाखडी तिथं 'झाकरी' म्हणून नाचतात. पोर्ट लुईमधे ज्या घाटावर हे मजूर उतरवायचे तो आप्रवासी घाट 2006 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. बीचवरनं वेळ काढून तिथं जावं असं माझं मत, पण टूरवाले तिथं पंधरा मिनिटं देतात आणि शॉपिंगला तीन तास.

आता पैशाचं. देश स्वतंत्र झाला 1968 ला. त्याआधी जेम्स मीड नावाच्या अर्थतज्ज्ञानं (ह्यांना पुढं नोबेल मिळालं) 1961 च्या रिपोर्टमधे ह्या बेटाचं काही खरं नाही असंच लिहून ठेवलेलं, लोकसंख्या वाढतीये आणि पीक एकच. पण 1975 ला युरोपशी साखरेचा करार झाला, वर्षाला पाच लाख टन साखर ठरलेल्या भावानं युरोप घेणार, आणि तो भाव जगातल्या बाजारापेक्षा बराच वर. आपल्या एफआरपीसारखंच (उसाला सरकारनं बांधून दिलेला किमान भाव) समजा, फक्त देणारा परका. तीस वर्षं मजेत गेली, मग 2006 पासून युरोपनं चार वर्षांत भाव 36 टक्क्यांनी पाडला आणि 2009 ला करारच संपवला. हजारो एकर ऊस असलेल्या कंपन्यांनी काय करायचं? आपल्याकडं विजापूर रोडला, होटगी रोडला जे झालं तेच की. रानाचं एनए, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करून घरांसाठी विकायची.

समुद्राला गिऱ्हाईक आहे हे त्यांना आधीच कळलेलं होतं. बेटाला जवळजवळ चहूबाजूंनी प्रवाळाचा बांध आहे, मोठी लाट बाहेरच फुटते, आत कंबरभर शांत पाणी, त्यामुळे पोहता न येणारा माणूसही पाण्यात उतरतो. आणि ते विषुववृत्ताच्या खाली असल्यानं ऋतू उलटे, मे महिन्यात आपण 43-44 डिग्रीत भाजत असतो तेव्हा तिकडं हिवाळा सुरू होत असतो. 1970 च्या आसपास वर्षाला तीसेक हजारसुद्धा पर्यटक येत नव्हते, 2019 ला जवळपास 14 लाख आले. मधल्या काळात सरकारनं स्वस्तातली चार्टर विमानं मुद्दाम रोखून धरली, गर्दी नको, खर्च करणारा माणूस पाहिजे म्हणून. चक्रीवादळं मात्र आहेत, नोव्हेंबर ते एप्रिल, 1960 च्या कॅरोल वादळानंतर तिथली घरं पत्रा-लाकडावरून स्लॅबवर गेली. हे ब्रोशरमधे नसतं.

घर विकायची स्कीम आली 2002 ला, परदेशी माणसाला रिसॉर्टमधला व्हिला घेता येईल, कमीत कमी 5 लाख डॉलर. 2007 ला लहान प्रोजेक्टसाठी दुसरी स्कीम, 2015 ला दोन्ही मिळून एक केली. पश्चिमेला तामारिनमधे गोल्फ कोर्सच्या कडेनं व्हिले उभे केले ती मेदीन कंपनी मूळची साखरेचीच. आता 3 लाख 75 हजार डॉलरच्या वर घेतलं तर राहायचा परवाना मिळतो, ही अट 2020 पर्यंत 5 लाखाची होती. ह्यापेक्षा स्वस्तात पाहिजे तर जी प्लस टू (तळमजला आणि वर दोन मजले) किंवा त्याहून उंच बिल्डिंगमधला फ्लॅट परदेशी माणूस घेऊ शकतो, पण तेवढ्यावर परवाना नाही.

आणि बीचवरची जमीन? भरतीच्या रेषेपासून 81 मीटरची पट्टी फ्रेंचांच्या काळापासून सरकारी, ती विकता येत नाही, हॉटेलंसुद्धा लीजवर उभी आहेत. इथं एका हॉटेलच्या हॉलमधे प्रेझेंटेशन झालेलं तिथं मी एजंटला हेच विचारलं तर म्हणे 'सर, सी व्ह्यू आहे ना'. व्ह्यू आहे हो, पण जमीन उसाची आहे.

शिवाय आपली अडचण वेगळीच, रिझर्व्ह बँकेच्या नियमात एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात, म्हणजे परवान्याचा व्हिला घ्यायचा तर नवराबायको दोघांची लिमिट जोडा नाहीतर दोन वर्षांत हप्ते पाडा. त्यात कर्ज काढून पाठवू म्हणणाऱ्यांनी आधी सीएला भेटावं.

तिकडं बो प्लांचा साखर कारखाना 1999 ला बंद पडला आणि 2002 ला त्याचं म्युझियम झालं, तिकीट काढून लोक मशिनरी बघतात, शेवटी वेगवेगळ्या साखरा चाखायला देतात. रानारानात जुन्या गिरण्यांच्या दगडी चिमण्याही तशाच उभ्या आहेत, फोटोला बरं पडतं. आपल्या सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जून 2023 ला विमानाला आडवी येते म्हणून पाडली, 2025 ला इथून गोव्याचं आणि मग मुंबईचं विमान सुरू झालं, आणि मुंबईवरनं मॉरिशस सहा-एक तास.